मार्थाची चूल

रविवारी उपासनेला मी पहिल्या बाकावर बसतो. भक्ती म्हणून नव्हे, पंखा तिथं आहे म्हणून. परवा पाळकसाहेबांनी मार्था-मरीयेचा उतारा घेतला. येशू घरी आलेला; मरीया पायांशी ऐकत बसलेली, मार्था स्वयंपाकात घामाघूम. तिनं तक्रार केली, तर प्रभू उलट मरीयेच्याच बाजूचा! आळशी माणसाला एवढा आधार उभ्या बायबलात दुसरीकडे नाही.

घरी येताच मी मरीया झालो. डोळे मिटून आरामखुर्चीत. आत आईला कूस बदलून द्यायची होती. अर्धांगानंतर तिला एकटीला जमत नाही. बायकोनं हाक मारली.

"प्रार्थनेत आहे."

"मग त्याच अध्यायात जरा वरचं वाचा!"

लूक, अध्याय दहावा. वर चांगल्या शोमरोन्याची गोष्ट. वाटेवर पडलेल्या जखमी माणसाला टाळून याजक पुढं गेला. यरुशलेमची वाट ती. तोही बहुधा माझ्यासारखा उपासना आटोपूनच निघालेला! या दोन गोष्टी अगदी लागून आहेत, हे इतक्या वर्षांत माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

देवासाठी जीव तळमळतो, हे खोटं नाही हो. पण तो नेमका आईच्या वेळेलाच का तळमळावा?

उठलो. कूस बदलताना देव वगैरे दिसला नाही. पाठीत उसण मात्र भरली.

"उपदेश कशावर होता रे?" आईनं विचारलं.

"मार्थावर."

"बिचारी! तिला कुणी जेवायला वाढलं की नाही शेवटी?"