रात्री दिवा घेऊन खुराडे पाहा

आपल्या प्रभूने यरुशलेम नगराविषयी शोक करिताना स्वतःस कोंबडीची उपमा दिली, हे आपण उपासनेत अनेक वेळा ऐकिले आहे. गरुडाची नव्हे, सिंहाची नव्हे, तर पिले पंखांखाली घेणाऱ्या परसातील कोंबडीची. ज्यांच्या घरी खुराडे आहे त्यांस ह्या उपमेचे मर्म अधिक कळते. उबवावयास बसलेली कोंबडी दाणापाणीसुद्धा विसरते. हात लाविला तर चोच मारिते, पण जागा सोडीत नाही. अशी कोंबडी अर्ध्यावरच अंडी सोडून उठली, तर तिला काही असह्य झाले असले पाहिजे. ते काय, हे शोधणे धन्याचे काम आहे.

मागील पावसाळा सरताना आम्ही काळेवाडीस एका घरी गेलो होतो. पवनेकाठची ही वाडी आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आहे आणि सभोवती इमारती दाटल्या आहेत. तरी कोठे कोठे घराच्या मागे अद्याप कोंबडा आरवतो. त्या घरची आजी खिन्न होऊन बसली होती. बारा अंड्यांवर बसविलेली तिची कोंबडी अकराव्या दिवशी उठली ती पुन्हा बसेना, आणि अंडी वाया गेली. दुसऱ्या दोघींचे तुरे पांढुरके पडले होते व त्यांनी अंडी देणे बंद केले होते. त्या अंड्यांच्या पैशांतून नातीच्या वह्या येत असत. आजीने आम्हांस हळूच सांगितले की, शेजारीण खुराड्यापाशी उभी राहून कोंबडीची वाखाणणी करून गेली, त्या दिवसापासून हे सुरू झाले. दोन्ही घरांचे बोलणे बंद होऊन पंधरवडा झाला होता. आणि ही दोन्ही घरे एकाच मंडळीतील!

खोट्या साक्षीविषयीची आज्ञा आजीस पाठ होती, म्हणून ती आम्ही पुन्हा म्हणून दाखविली नाही. अंधार पडेपर्यंत थांबलो व मग दिवा घेऊन तिच्यासह खुराड्यापाशी गेलो. बसण्याच्या दांड्याच्या टोकाशी, जेथे तो फळीत खोचिला होता, तेथे मोहरीहून बारीक असे तांबडे किडे शेकड्यांनी चालत होते. बोटाने चिरडताच रक्त निघाले. ते रक्त कोंबडीचे होते. हे किडे गोचिडांच्या कुळातील. दिवसा ते फटींत दडून राहतात, रात्री निजलेल्या पाखरावर चढून रक्त पितात आणि पहाटेपूर्वी पुन्हा फटीत जातात. म्हणून दिवसा कोंबडी उलटीसुलटी करून पाहणाऱ्यास काहीच आढळत नाही, व मग दोष शेजारणीच्या डोळ्यांवर जातो.

गोचीडही अशीच रात्री येते. तिचे पोर मात्र काही दिवस अंगालाच चिकटून राहते. पूर्ण वाढलेली गोचीड अन्नावाचून महिनेच्या महिने, कधी वर्षांहूनही अधिक काळ भिंतीच्या भेगेत जगते; म्हणून रिकामे पडलेले खुराडे निर्दोष समजू नये. तिच्या चाव्याने कोंबड्यांस एक ताप येतो, हिरवी हगवण लागते व पाखरे पटापट मरतात. काळेवाडीच्या पलीकडेच, पिंपरीस, १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला व तेथे पेनिसिलिन होऊ लागले. त्याच औषधाने हा ताप उतरतो. परंतु गोचीड त्याने मरत नाही. भेग तशीच ठेवून सुई टोचून घेणाऱ्याने नवी कोंबडी आणिली, तर तीही त्याच तापाने जावयाची.

तेव्हा आधी घर सुधारावे. खुराडे रिकामे करून उन्हात काढावे, फटींत उकळते पाणी ओतावे, भेगा लिंपून चुना द्यावा. दांड्याच्या टोकांस रॉकेल लावावे व ते सुकेपर्यंत पाखरे आत घालू नयेत. कोंबडीच्या अंगाला रॉकेल किंवा शेतावर फवारावयाचे विष कधीही लावू नये. पिले मरतात, व विषाचा अंश अंड्यांत उतरून आपल्याच मुलांच्या पोटी जातो. आठवड्याने फटी पुन्हा पाहाव्या, कारण तेवढ्यात नवी वीण तयार होते.

उवा मात्र रात्रंदिवस अंगावरच असतात. शेपटीखालची पिसे फाकून पाहिली म्हणजे पिसांच्या बुडाशी लिखांचे पांढरे पुंजके दिसतात. कोरडी माती व चाळलेली राख एका टोपल्यात भरून आडोशास ठेवावी. कोंबडी तीत आपली आपण लोळते. ही बुद्धी तिला उत्पन्नकर्त्यानेच दिली आहे, आपण फक्त टोपले द्यावयाचे.

पोटातील जंतांची गोष्ट थोडक्यात सांगतो. गोल जंतांची अंडी शिटेतून पडतात व दाण्याबरोबर पुन्हा पोटात जातात. चपटे जंत मुंग्या, माश्या व शेणकिडे खाल्ल्याने येतात. म्हणून शीट रोज काढावी व दाणा भुईवर न फेकता भांड्यात द्यावा. पिलांस रक्ताची हगवण लागली तर ओल हे तिचे माहेर समजावे. शिटेतील तिचे बीज उबेत व ओलाव्यात एक-दोन दिवसांत पिकते. अशा वेळी अंथरलेला भुसा तत्काळ बदलावा व पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. औषध व त्याचे माप तेथेच विचारावे, कारण एका जातीच्या जंतावरचे औषध दुसरीस लागू पडेलच असे नाही.

काळेवाडीच्या त्या आजीने दुसऱ्या दिवशी चुना आणविला. तो द्यावयास तिचे हात उंच पोहोचेनात. तेव्हा ती बराच वेळ कुंपणाशी उभी राहिली, आणि मग तिने शेजारणीस हाक मारिली.