गळ टाकण्यापूर्वी

मासे धरायला शिकणे हा दिवाळी अंकात चिंतन करण्याजोगा विषय नाही, असे काही वाचकांना वाटेल. आपल्या सीमाभागातील पुष्कळ मराठी घरांत माळकरी आजोबांच्या धाकाने मासा उंबरठाही ओलांडत नाही. पण एखादी गोष्ट कळली म्हणजे ती वापरण्याचा अधिकारही मिळाला काय, हा प्रश्न मला प्रथम पडला तो निर्ण्याच्या शिवारातील एका तळ्याच्या काठी. म्हणून तेथूनच आरंभ करतो.

इंग्रजी पुस्तकांत गळाचे वर्णन आले की बहुधा ट्राउट मासा येतो. तो थंड पाण्याचा. इंग्रजांनी तो काश्मीरच्या आणि निलगिरीच्या पाण्यात आणून सोडला. आमच्या उन्हाने तापणाऱ्या तळ्यात तो जगायचा नाही. आमचा मासा मरळ. तेलुगू मुलखात तिला कोर्रमीनु म्हणतात; शेजारच्या तेलंगणाने तिला आपल्या राज्याचा मासा म्हणून मान दिला आहे. मरळ वर येऊन हवेत श्वास घेते, त्यामुळे आटत्या, गढूळ पाण्यातही तग धरते.

मी बारा वर्षांचा असताना एका भोईमामांनी मला हे शिकवले. ते घरी कानडी बोलत, माझ्याशी मोडकी मराठी. मी ‘गळ’ म्हणे, ते ‘गाळ’ म्हणत, वस्तू एकच. पहिला सबंध उन्हाळा त्यांनी काठी हातात दिली नाही. नुसते पाहायला लावले. मरळ श्वास घ्यायला कोठे वर येते, पाण्यावर आपली सावली पडू नये म्हणून कोणत्या बाजूस बसावे, काठावर पाय कसा हलका टाकावा. मग ज्वारीच्या धाटाचा तुकडा दोराला बांधून तरंगत ठेवायला शिकवले आणि शेवटी जिवंत बेडूक गळाला लावायला.

श्रावणात एके दिवशी गवताजवळच्या पाण्यावर तांबूस ठिपक्यांचा एक घोळका मला दिसला. मामा म्हणाले, “तम्मा, ती मरळीची पिल्लं. आई खाली हाय. आता बेडूक टाकला तर लगी झडप घालतीय. पर ती खायाला येत न्हाई, राखायला येतीय.” एवढे सांगून ते उठले आणि तळ्याच्या दुसऱ्या अंगाला गेले. आम्ही त्या दिवशी तेथे गळ टाकला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी एकटाच गेलो. मामांनी सांगितले ते शब्दशः खरे ठरले. बेडूक घोळक्याजवळ पडताच पाणी फुटले. हाताएवढी मरळ मी काठावर ओढली आणि नाचलो. दोन दिवसांनी पाहिले तर घोळका विस्कटला होता. जी थोडी पिल्ले उरली होती, त्यांच्यावर वंचक टपून बसला होता. मी मामांना मोठ्या दिमाखाने मासा धरल्याचे सांगितले होते. ते रागावले नाहीत. “अर्धंच शिकलास तू,” इतकेच म्हणाले. उरलेले अर्धे कोणते, हे विचारण्याचे धाडस मला झाले नाही.

पुढे एम.ए. करताना ‘मानसोल्लास’ या ग्रंथाची ओळख झाली. आपल्याच जिल्ह्यातील बसवकल्याण हे चालुक्यांचे कल्याण. तेथील राजा सोमेश्वर तिसरा याने सुमारे ११३० साली हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांना घालायचे खाद्य, काठी, दोर, गळ, सारे त्यात आहे. इंग्लंडात आयझॅक वॉल्टनचे या विषयावरचे प्रसिद्ध पुस्तक निघाले ते १६५३ साली, म्हणजे पाच शतकांनंतर. मला याचा अभिमान वाटला. पण त्याच कल्याणात काही दशकांतच बसवेश्वरांनी धर्माच्या मुळाशी दया ठेवली, हेही आठवले. एकाने मासा जाणला तो विनोदासाठी. दुसऱ्याने विचारले की जाणणाऱ्याचे जाणलेल्या जिवाशी नाते काय?

“मुळात मारूच नये” असे कोणी म्हणेल. त्या मताचा मी आदर करतो. पण मासा न खाणारे आपणही तळ्यात सांडपाणी सोडतो, काठ बुजवून प्लॉट पाडतो. तेव्हा किती घोळके नाहीसे होतात याची दाद नसते. मामा पोटासाठी मासे मारीत आणि विणीच्या जागी हात आवरीत. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, त्यामागे हेच तत्त्व आहे. मामांना ते कायद्याने शिकवले नव्हते.

माझा खरा प्रश्न मात्र मारण्यापलीकडचा आहे. जीव सावध असतो तेथे तो सहसा सापडत नाही. माया जडलेली असते तेथे सापडतो. हे ज्याला कळले त्याच्या हाती फार मोठी शक्ती येते. ही शक्ती मी शाळेतही वापरली, हे कबूल केले पाहिजे. एक मुलगा पावसाळ्यात वरचेवर गैरहजर राही. छडीला तो भीत नसे. त्याचा आईवर फार जीव आहे, हे मला ठाऊक होते. मी भर वर्गात म्हणालो, “उद्या तुझ्या आईलाच येथे उभी करतो.” तो खाली पाहत बसला. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत आलाच नाही. त्याची आई आजारी होती आणि चूल तोच पेटवीत होता, हे मला नंतर समजले. मी घरी गेलो, माफी मागितली. मुलगा शाळेत परत आला नाही.

त्या रात्री मामांचे उरलेले अर्धे मला उमगले. कोणाचा जीव कोठे अडकला आहे हे कळणे ही विद्येची पहिली पायरी. तेथे गळ न टाकणे ही दुसरी. आज मुलांच्या भवितव्याची धास्ती दाखवून आईबापांकडून भरमसाट फी उकळणाऱ्या जाहिराती पाहतो, लेकीच्या लग्नासाठी वाटेल त्या व्याजाने कर्ज देणारे सावकार पाहतो, तेव्हा मला तो बेडूक दिसतो. मायेच्या माणसाला भूक नसतानाही झडप घालावी लागते.

अजून श्रावणात मी तळ्यावर जातो. पोरे काठ्या घेऊन बसलेली असतात. त्यांना मी हाकलून देत नाही. दोर कसा बांधावा ते दाखवतो. तांबूस घोळका दिसला की मात्र म्हणतो, “चला रे, पलीकडे बसू.” का, असे कोणी विचारलेच तर शेजारी बसवून सगळे सांगतो, स्वतः धरलेली ती मरळही त्यातून वगळत नाही.