वर चढायचं कुणी?

मे सरत आला की ढेबेवाडी खोऱ्यात पूर्वी घरोघरी छपरावर माणूस दिसायचा. फुटकं कौल काढायचं, सरकलेलं नीट बसवायचं, किडलेली रीप बदलायची. याला कौलं चाळणं म्हणतात. यंदा आमच्या घरासाठी असा माणूस शोधत मी तीन गावं पालथी घातली. भेटले ते सत्तरी ओलांडलेले एक मिस्त्री. अंगणात उभं राहून त्यांनी छपरावर नजर फिरवली आणि पाणी नेमकं कुठून झिरपतं ते सांगितलं. मग म्हणाले, "सांगतो की सगळं, पण वर चढायचं कुणी?" शेवटी घरावर पत्रा टाकला.

आमच्या पाटण तालुक्याला माणसं बाहेर जाण्याची सवय जुनी आहे. गिरण्या, गोदी, मशीद बंदरातली हमाली यांवर इथली घरं चालली. पण घरात चार भाऊ असत. दोघं मुंबईला गेले तरी एक शेतीला आणि एक मिस्त्रीच्या हाताखाली उरे. आता घरात एकच मुलगा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा प्रजनन दर १.७ आला, लोकसंख्या टिकायला २.१ लागतो. घाटाखालच्या रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ते २०११ या काळातच १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर उतरली होती. स्थलांतर आणि घटता जन्मदर एकाच गावावर आले की आधी पोकळी पडते ती हाताखालच्या पोराच्या जागी.

आणि कसब तर तिथंच मुरतं. ओळंबा कसा धरायचा हे सांगता येतं. भिंत पोटात फुगायला लागली आहे हे ओळखायला मात्र चार पावसाळे कुणाच्या तरी मागं हिंडावं लागतं. आमच्या भागात ही चैन नव्हे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपात दगडमातीच्या जड भिंतींखाली माणसं गाडली गेली. सांधा कसा घेतला, यावर इथं जीव अवलंबून असतो.

म्हणून जुनी बलुतेदारी परत यावी असं मला मुळीच वाटत नाही. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली 'गावगाडा'त तिचं बारकाईनं वर्णन केलं आहे. सुताराच्या पोरानं सुतारच व्हायचं आणि खळ्यावर दाण्यांसाठी ताटकळायचं, ही त्या कसबाची किंमत होती. ती नाकारून पोरं निघून गेली, हे योग्यच झालं. चूक नंतरची आहे. जातीनं बांधलेला हुन्नर सुटला, पण त्याला गावात पगार, विमा आणि मान देऊन पुन्हा उभं करायचं काम आपण केलंच नाही.

ते करता येतं, याचा दाखला याच खोऱ्यातला आहे. मंद्रुळकोळ्याच्या अण्णासाहेब पाटलांनी मुंबईतले हमाल संघटित केले आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. पाठीवर पोतं वाहणाऱ्याची मंडळाकडं नोंद झाली, ठरलेली मजुरी आणि भविष्य निर्वाह निधी मिळू लागला. मग गवंड्याच्या मुलाला थापीपेक्षा मुंबईतलं ओझं भरवशाचं वाटलं, तर त्याला दोष कसा द्यायचा? बांधकाम कामगारांसाठी १९९६ चा कायदा आहे, मंडळही आहे. पण नोंदणीला वर्षातले ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. आज इथं ओटा, उद्या तिथं चूल, असं काम करणाऱ्याला ते दिवस जुळवताना नाकी नऊ येतात.

दरम्यान जगाला हीच माणसं हवी आहेत. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनानं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी दहा हजार कुशल कामगार पाठवण्याचा करार केला. त्यात इलेक्ट्रिशियन आणि प्लंबरही आहेत. जाणाऱ्यांनी खुशाल जावं. पण तिथं परक्या देशातून आलेल्या पोरासाठीसुद्धा भाषेचा वर्ग, प्रशिक्षण आणि पगार ठरवावा लागतो. इथं शिकवणारा अंगणात उभा आहे आणि त्याच्या शिकवण्याला दाम द्यायचा असतो, हे आपल्या ध्यानीमनीही नाही.

आमच्या गोठ्यावर अजून कौलं आहेत. पुढच्या मे महिन्यात माझा आयटीआयतला पुतण्या त्यावर चढेल आणि मिस्त्री खालून सांगतील. नुसतं सांगायचे पैसे घ्यायला ते तयार नव्हते. दोनदा घरी जाऊन बसलो, तेव्हा पूर्ण दिवसाच्या मजुरीला कबूल झाले.