नववीचा पट

दहावीचा निकाल लागला की विरार स्टेशनपासून अर्नाळ्याच्या एसटी आगारापर्यंत नाक्यानाक्यावर शाळांचे फलक लागतात. 'शंभर टक्के निकाल', खाली पाच-सहा मुलामुलींचे फोटो, वर संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचे. त्या फलकांतला आनंद खरा असतो आणि त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या आकड्यावरून पुढे वर्षभर चालणाऱ्या चर्चेबद्दल. कुठली शाळा चांगली, कुठली घसरत चालली, मुलीला गावातच ठेवावं की विरारला पाठवावं, हे सगळं त्या एका टक्केवारीवर ठरतं. पालक तसं ठरवतात, कारण त्यांच्या हाती दुसरं काही दिलेलं नाही. पण शिक्षणावर बोलणारी आणि लिहिणारी मंडळीही त्याच्या पलीकडे जात नाहीत, तेव्हा हा विचार कुणीतरी नीट तपासायला हवा असं वाटतं.

आधी कोणत्या शाळेबद्दल बोलतो आहोत ते स्पष्ट करू. आपल्याकडे सार्वजनिक हायस्कूल म्हणजे बहुतेक ठिकाणी सरकारने स्वतः चालवलेली शाळा नव्हे. अर्नाळ्यासारख्या गावात मूल जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून चौथी किंवा सातवी करून निघतं आणि एखाद्या संस्थेच्या अनुदानित हायस्कूलमध्ये जातं. संस्था खासगी, शिक्षकांचा पगार सरकारी तिजोरीतून. याच पालघर जिल्ह्यात बोर्डीला आचार्य भिसे यांनी हायस्कूल उभं केलं, तिकडे साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था उभी केली. महाराष्ट्राचं माध्यमिक शिक्षण अशा माणसांच्या आग्रहावर वाढलं आणि पुढे सरकारने त्याचा खर्च उचलला. हा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. त्यातून निघणारी एकच गोष्ट मला इथे हवी आहे: ही शाळा संस्थेच्या मालकीची असली तरी लोकांच्या पैशावर चालते, म्हणून ती गावातल्या सगळ्या मुलांना उत्तरदायी आहे. परीक्षेला बसलेल्या मुलांपुरतं तिचं उत्तरदायित्व संपत नाही.

गुणवत्तेचे इतर निकष मी बाजूला ठेवतो. इमारतीची रंगरंगोटी, डिजिटल फळा, परसबाग आणि स्वच्छतागृह यांवर गुण देणाऱ्या सरकारी मोहिमा शाळेची जागा मोजतात, शिकवणं मोजत नाहीत. इंग्रजी माध्यम म्हणजे गुणवत्ता, हे म्हणणं उत्तर देण्याच्या लायकीचं नाही. शिस्त आणि संस्कार यांवरून शाळा जोखणाऱ्यांनी ते संस्कार कसे मोजले हे आजवर सांगितलेलं नाही.

निकालाचं म्हणणं मात्र असं एका ओळीत उडवता येत नाही, कारण त्यात तथ्य आहे. दहावीची परीक्षा मंडळ घेतं, शाळा घेत नाही. अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातल्या मुलीला आणि पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या मुलाला एकाच दिवशी एकच प्रश्नपत्रिका येते. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला मुलाचा बाप कोण हे माहीत नसतं. गरिबाच्या मुलाला इतका समान न्याय आपल्या समाजात फार ठिकाणी मिळत नाही, आणि परीक्षाच नको म्हणणाऱ्यांमध्ये मी कधीही जाणार नाही. आयटीआयचा बराचसा दरवाजा दहावी पास झाल्याशिवाय उघडत नाही. माझं भांडण परीक्षेशी नाही, तिच्यातून काढलेल्या टक्केवारीशी आहे.

ही टक्केवारी किती हलकी झाली आहे ते आधी पाहू. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये तो ७७.१० टक्क्यांवर आला आणि २०२० मध्ये ९५.३० टक्क्यांवर गेला. एका वर्षात महाराष्ट्रातल्या शाळा बिघडल्या आणि पुढच्याच वर्षी पूर्वीपेक्षा चांगल्या झाल्या, असं कुणी म्हणेल का? २०१९ ला अभ्यासक्रम नवा होता हे खरं, पण तोच अभ्यासक्रम २०२० लाही होता. मुख्यतः बदललं होतं ते हे, की भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेने द्यायचे वीस अंतर्गत गुण त्या एका वर्षापुरते काढले आणि मग परत दिले. ते गुण असले की ऐंशीच्या लेखी परीक्षेत पंधरा-सोळा गुण मिळवणारं मूलही पस्तीसची रेषा ओलांडतं. २०२१ ला करोनामुळे परीक्षाच झाली नाही, गुण शाळांनीच दिले, आणि निकाल ९९.९५ टक्के लागला. २०२५ मध्ये राज्याचा निकाल ९४.१० आणि कोकण मंडळाचा ९८.८२ टक्के होता. जिथे जवळजवळ सगळेच उत्तीर्ण होतात तिथे त्या आकड्यावरून एक शाळा दुसरीपासून वेगळी कशी काढणार? ९६ टक्क्यांची शाळा आणि १०० टक्क्यांची शाळा यांत फरक असतो तो दोन-तीन मुलांचा, आणि ती दोन-तीन मुलं कुठे गेली हाच खरा प्रश्न आहे.

टक्केवारी हा भागाकार आहे. वरचा आकडा, म्हणजे किती उत्तीर्ण झाले, तो मंडळ ठरवतं. खालचा आकडा, म्हणजे किती बसले, तो शाळेच्या हातात असतो. आणि तो दहावीत ठरत नाही, नववीत ठरतो.

शिक्षण हक्क कायद्याचं संरक्षण सहा ते चौदा वयापर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत. आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, आणि २०१० पासून बरीच वर्षं नापासही करता येत नव्हतं. आता पाचवी आणि आठवीला परीक्षा परत आली आहे, पण शाळेत ठेवण्याचं बंधन तसंच आहे. नववीला हे सगळं संपतं. नववीची परीक्षा शाळा घेते, पेपर शाळा तपासते, निकाल शाळा लावते, आणि त्या निकालाचा फलक कुठेही लागत नाही. आठ वर्षं वर ढकलत आणलेलं, वाचताना अडखळणारं मूल पहिल्यांदा इथे अडतं. ते दहावीत गेलं तर निकाल खाली आणणार, हे सगळ्या स्टाफरूमला माहीत असतं. मग पालकांना बोलावलं जातं. 'झेपत नाहीये त्याला, सतरा नंबर भरा, बाहेरून बसू द्या.' कधी हा सल्ला खरोखर मुलाच्या हिताचा असतो. पण सतरा नंबर फॉर्मवर बसलेलं मूल खासगी विद्यार्थी ठरतं, शाळेच्या नियमित निकालात ते धरलं जात नाही. दाखल्यावर 'शाळा सोडण्याचे कारण' नावाचा रकाना असतो. त्यात लिहिलं जातं 'पालकांच्या विनंतीवरून'. त्या दोन शब्दांनी शाळेच्या बाजूचा हिशेब मिटतो. कुठल्या एका शाळेवर हा आरोप नाही; दहावीला शिकवणाऱ्या कुणालाही विचारा, ही पद्धत राज्यभर ओळखीची आहे.

आता दोन शाळा समजा. पहिलीत आठवीला शंभर मुलं होती, दहावीला साठ बसली, साठही उत्तीर्ण झाली. निकाल शंभर टक्के. दुसरीत आठवीला शंभर होती, पंचाण्णव बसली, अठ्ठ्याहत्तर उत्तीर्ण झाली. निकाल ८२ टक्के. गावात पहिलीचा सत्कार होईल आणि दुसरीच्या मुख्याध्यापकांना संस्थेकडून खुलासा मागितला जाईल. पण गावाच्या हाती पहिलीने साठ मुलं दिली, दुसरीने अठ्ठ्याहत्तर. दुसरीतली नापास झालेली सतरा मुलंही संपलेली नाहीत. त्यांना जुलैची पुरवणी परीक्षा आहे, एटीकेटी आहे, आणि शाळेत जाऊन सरांना विचारण्याची सवय आहे. पहिलीतल्या चाळीस जणांचा हिशेब निकालात कुठेच नाही.

यावर जाणकार मंडळी एक शहाणं उत्तर देतात. नुसता निकाल नको, शाळेने मुलाच्या शिकण्यात किती भर घातली ते मोजा, आत येतानाचे गुण आणि बाहेर पडतानाचे गुण ताडून पाहा. ऐकायला हे फार चांगलं वाटतं, म्हणूनच ते अधिक घातक आहे. येतानाचे गुण आपल्याकडे विश्वासाने घ्यावेत असे कुठे आहेत? आठवीच्या गुणपत्रकावरून मुलाला भागाकार येतो की नाही हेसुद्धा कळत नाही. आणि समजा तेही मिळाले, तरी ही भर मोजणार कुणाची? शेवटपर्यंत उरलेल्यांची. मधेच गळालेल्या मुलाचा बाहेर पडतानाचा गुणच नसतो, म्हणून ते या हिशेबातही नसतं. मोजमाप कितीही बारीक केलं तरी ज्याला आधीच वगळलं त्याला ते शोधू शकत नाही. 'अ' तुकडी आणि 'ड' तुकडी करून शिकवणाऱ्या शाळेला तर असा हिशेब आयताच सोयीचा पडतो.

इथे मला एकच फरक महत्त्वाचा वाटतो आणि बाकी सगळं मी त्याच्यावर सोडायला तयार आहे. शाळेतल्या मुलांची गुणवत्ता आणि शाळेची गुणवत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली निवड करून मिळवता येते. दुसरी, जे मूल आलं त्याला शेवटपर्यंत नेण्यातूनच दिसते. अर्नाळ्याला हे समजावून सांगावं लागू नये. तांडेल बोट घेऊन परत आला की बंदरावर आधी माणसं मोजतात, मासळी नंतर.

आणि अर्नाळ्यात शेवटपर्यंत नेणं म्हणजे काय, हे नीट पाहायला हवं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. शाळा जूनच्या मध्याला उघडते, तेव्हा घरी बाप असतो, भाऊ असतो, पटही भरलेला असतो. नारळी पौर्णिमेच्या सुमाराला बोटी समुद्रात जातात आणि तेव्हापासून नववीतल्या मुलाची हजेरी पातळ होऊ लागते. आई पहाटे मासळी घेऊन बाजाराला निघते, धाकट्या भावंडांचं करायला मोठी मुलगी घरी राहते. दिवाळीनंतर बोंबील सुकवायचा हंगाम, त्यात हात लागतात. आसपासच्या पाड्यांवरची आदिवासी कुटुंबं त्याच सुमाराला वीटभट्टीवर निघून जातात. समोरच्या बेटावरच्या अर्नाळा किल्ल्यातली मुलं होडीने खाडी ओलांडून येतात, समुद्र खवळला की येत नाहीत. शनिवार-रविवारी किनाऱ्यावरच्या रिसॉर्टमध्ये पंधरा वर्षांच्या मुलाला रोख पैसे मिळतात. शाळा दहा महिने या सगळ्याशी झगडते किंवा झगडत नाही. ऑगस्टमध्ये न आलेल्या मुलाच्या घरी तिसऱ्या दिवशी कुणी गेलं का, की पन्नास दिवस वाट पाहून 'अनियमित' असा शेरा मारला, यात शाळेची गुणवत्ता आहे. हे दहावीच्या गुणपत्रकात दिसत नाही, पटावर दिसतं.

याच पालघर जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला १९४५ मध्ये काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडला नेलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी कुरणातच शाळा भरवली. मूल अनियमित आहे असा शेरा त्यांनी लिहिला नाही. आपण त्यांचे फोटो शिक्षक दिनाला लावतो आणि त्यांनी सोडवलेला प्रश्न मात्र बाजूला ठेवतो.

दोन आक्षेपांना उत्तर द्यायलाच हवं. पहिला असा की मुलं गळतात ती गरिबीने, शाळेचा त्यात काय दोष? दोष मी देतच नाही, हिशेब मागतो. आज सगळ्यात अवघड मुलं पदरात घेणारी शाळा त्यांना सांभाळतेही आणि निकाल कमी लागला म्हणून बोलणीही खाते. खालचा आकडा खरा धरला तर न्याय पहिल्यांदा त्याच शाळेला मिळेल. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. टिकवणं हाच निकष केला तर शाळा न येणाऱ्या मुलांची नावं पटावर ठेवतील, खोटी हजेरी लावतील. संच मान्यता पटावर ठरते, त्यामुळे शिक्षकांची पदं वाचवायला हे आजही कुठे कुठे होतं. मला ते मान्य आहे. म्हणून वरचा आकडा मी बदलत नाही, तो मंडळाच्या परीक्षेचाच राहू दे, आणि परीक्षा कॉपीशिवाय होऊ दे. फक्त भागायचं कशाने ते बदला. दहावीला बसलेल्यांनी भागू नका. ती तुकडी ज्या वर्षी हायस्कूलमध्ये आली, पाचवीत किंवा आठवीत, त्या वर्षीच्या पटाने भागा. नुसती नावं पटावर ठेवून हा आकडा वाढत नाही, आणि मुलं गाळूनही वाढत नाही.

यासाठी नवा आयोग नको, नवं ॲपही नको. प्रत्येक हायस्कूलमध्ये जनरल रजिस्टर असतं, त्यात मूल कधी आलं, कधी गेलं, का गेलं हे लिहिलेलं असतं. शासनाच्या सरल प्रणालीत प्रत्येक मुलाला ओळख क्रमांक आहे, त्यामुळे दाखला घेऊन गेलेलं मूल दुसऱ्या शाळेत दाखल झालं की नाही हे तपासता येतं. पट किती होता, त्यातले इथून किती उत्तीर्ण झाले, दुसऱ्या शाळेत किती गेले, सतरा नंबर किती जणांनी भरला, आणि कितींचा पत्ता नाही, हे पाच आकडे प्रवेशद्वाराजवळच्या फळ्यावर दरवर्षी लिहायला एक दुपार पुरेल.

शासन हे करायला लावेपर्यंत थांबायचं कारण नाही. या जूनमध्ये मुलाचं नाव घालायला जाल तेव्हा निकाल विचारू नका. गेल्या वर्षी नववीत किती मुलं होती आणि आज दहावीच्या वर्गात किती आहेत, एवढं मुख्याध्यापकांना विचारा. ज्या शाळेत हे मोकळेपणाने सांगितलं जातं तिथे मूल घालायला हरकत नाही, मग तिचा निकाल ८२ टक्के का असेना. आणि कुणी सांगायला टाळलं, तर अनुदानित शाळेकडून ही माहिती लेखी मागण्याचा अधिकार २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने प्रत्येक नागरिकाला दिलेला आहे. अर्जाला दहा रुपये लागतात आणि उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं.