‘त्यांना सवय असते’

श्वास रोखून खोल जाण्याच्या खेळात, म्हणजे फ्रीडायव्हिंगमध्ये, थंडी दोन्हीकडून बोलते. चेहऱ्याला गार पाणी लागलं की हृदयाचे ठोके मंदावतात, हातापायांतल्या रक्तवाहिन्या आकसतात, शरीर ऑक्सिजन जपून वापरू लागतं. पण सगळं अंग गारठून कुडकुडायला लागलं की केलेली काटकसर उधळली जाते. कुडकुडणं हे स्नायूंचं कामच. दम लवकर संपतो. म्हणून निओप्रीनचा सूट. सूट तरंगतो, म्हणून कमरेला शिसं. खोलवर दाबाने सूट चेपतो, म्हणून ऊब पुन्हा कमी. इंजिनिअर माणसाला हे हिशेब फार आवडतात, मलाही आवडतात.

पण मी राहतो डोंबिवलीत, नोकरीला जातो ठाण्याला, आणि या पट्ट्यातल्या खाड्यांत श्वास रोखून बुडी मारणं हा रोजगार आहे. तळाची रेती काढायच्या या पद्धतीला सरकारी कागदांतही ‘डुबी’ म्हणतात. माणूस बांबूला धरून बादलीसकट खाली जातो, स्वतःचा हात दिसणार नाही अशा गढूळ पाण्यात चाचपडत ती भरतो आणि वर येतो. मग पुन्हा खाली. इथलं पाणी थंड नाही, पण ओढ असते, अंधार असतो, कानांवर दाब असतो.

ऑफिसात हा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, ‘त्यांना सवय असते.’

हे खोटं नाही, म्हणूनच ते खोडायला अवघड आहे. कोरियातल्या जेजू बेटावरच्या हेन्यो, म्हणजे शंख-शिंपले काढणाऱ्या बायका, १९७०च्या दशकापर्यंत सुती कपड्यांत हिवाळी समुद्रात उतरत. शास्त्रज्ञांनी त्यांना तपासलं तेव्हा दिसलं की इतरांना कुडकुडायला लागेल एवढ्या गार पाण्यातही त्या कुडकुडत नव्हत्या. शरीर खरोखर बदललं होतं. मग निओप्रीनचे सूट आले, आणि काही वर्षांतच ही कमावलेली क्षमता नाहीशी झाली. (सूट आल्यावर पाण्यातले तासही वाढले, ते वेगळंच.) सवय म्हणजे शरीराने केलेली तडजोड. तिच्यावरून संमती वाचता येत नाही.

‘पण जबरदस्ती कोण करतं?’ असा पुढचा प्रश्न येतो. मला वाटतं, निवड आहे की नाही हे आज नको म्हणता येतं का यावरून ठरवावं. खेळाडू पाणी खराब दिसलं तर बुडी रद्द करतो. तो एकटा कधीच उतरत नाही, कारण शुद्ध हरपते ती बहुधा वर येताना किंवा आल्यावर. स्पर्धेत वर आल्यापासून १५ सेकंदांत मास्क काढून, खूण करून ‘मी ठीक आहे’ असं म्हणावं लागतं, नाहीतर बुडी बाद. या नियमाला काही खर्च येत नाही. बांबूशेजारच्या होडीतही तो लागू करता येईल. फक्त भरलेली बादली थोडी उशिरा घ्यावी लागेल.