उंबरठा कोणाचा?

उंबरठ्यापुढे नित्य रांगोळी घालावयाची आणि शेजारीच जुन्या वहाणा, मोडक्या छत्र्या, रद्दीचे गठ्ठे रचावयाचे, हा विरोध आपणांस खटकत कसा नाही? गतवर्षी आमच्याच दारी एक वृद्ध गृहस्थ वहाणांच्या ढिगात अडखळून पडले. उलट त्यांनीच क्षमा मागितली. वास्तविक ती आम्ही मागावयाची!

घर आपले खरे. परंतु दाराची जागा येणाऱ्याची होय. तैत्तिरीय उपनिषदाने अतिथीस देव मानले. पतंजलींनी पाच यमांत अपरिग्रह सांगितला. चार हातांच्या पडवीत दोहोंची कसोटी लागते. रोजच्या वहाणांस एक फळी, छत्र्यांस दोन खुंट्या पुरेत. निरुपयोगी ते काढावे, उपयोगी ते गरजूंस द्यावे. येणाऱ्याचे पाऊल निर्धास्त पडावे, एवढे तरी आपल्या हाती आहे.