परक्या घरचा वाढदिवस

दूर देशी शिकावयास गेलेल्या मुलाने आपला वाढदिवस आनंदाने साजरा करावा की नाही, हा प्रश्न वरवर पाहता पोरकट वाटेल. करावा, त्यात विचारायचे काय, असे कोणीही म्हणेल. पण ज्या घरचे मूल परदेशी आहे त्या घरच्या आईला त्या दिवशी रात्री विचारून पाहावे. फोनवर मूल हसत बोलले म्हणजे तिला बरे वाटते. आणि ते फारच हसत बोलले म्हणजे थोडे वाईटही वाटते. हे वाईट वाटणे कशाचे, आणि ते योग्य आहे काय, एवढाच या लेखाचा विषय आहे.

समजा, ठाण्याची एक सोळा वर्षांची मुलगी शाळांच्या अदलाबदल योजनेत एका सत्रापुरती इंग्लंडातील लेस्टर शहरी गेली आहे. तेथे ती एका कुटुंबात राहते. हिवाळ्यात लेस्टरला सायंकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा ठाण्यात मध्यरात्र होऊन नवा दिवस लागतो. म्हणजे तिचा वाढदिवस आधी आईच्या घरी सुरू होतो आणि मागाहून तिच्याकडे पोहोचतो. दुसऱ्या दिवशी घरची बाई केक करते, वर्गातल्या मुली येतात, आलेली कार्डे शेगडीवरच्या फळीवर ओळीने मांडली जातात. मुलगी मेणबत्त्या फुंकते, हसते, आणि हसता हसता तिच्या मनात येते की आपण येथे मजा करतो आहोत आणि तिकडे आई एकटीच बसली असेल. हा आनंद आपण आईच्या वाट्यातून तर काढून घेतला नाही ना?

मायलेकी हजारो मैलांवर आहेत, पण दोघींची समजूत एकच आहे. प्रेम म्हणजे जणू ताटात थापलेला चिकाचा हलवा! एकाला मोठी वडी दिली की दुसऱ्याला लहान उरायची. ही समजूत खरी असती तर परक्या घरी हसणे ही खरोखरच बेइमानी ठरली असती.

ती खरी आहे का हे पाहण्यासाठी लेस्टर शहर सोडून दुसरीकडे जावयास नको. या शहराची आतिथ्याची कीर्ती काही पूर्वापार नाही. १२३१ साली सायमन द माँफर्ट या सरदाराने तेथील यहुद्यांना हाकलून दिले. १९७२ साली ईदी अमीनने युगांडातून घालविलेल्या हिंदी लोकांनी आमच्या शहरी येऊ नये, अशी जाहिरात तेथील नगरपालिकेने युगांडाच्या वर्तमानपत्रात दिली. तरीही हजारो लोक आले, आणि आज बेलग्रेव्ह रोडवरची दिवाळी पाहावयास लांबलांबून माणसे येतात. शहराचे धोरण आज असे तर उद्या तसे. परक्या मुलाला पान वाढते ते कोणाचे तरी घर.

असे एक घर लेस्टरच्या विद्यापीठ महाविद्यालयाच्या आवारात होते. प्राचार्य फ्रेडरिक अ‍ॅटनबरो, त्यांची पत्नी मेरी आणि रिचर्ड, डेव्हिड व जॉन असे तीन मुलगे तेथे राहत. रिचर्ड पुढे 'गांधी' चित्रपटाचे दिग्दर्शक म्हणून आपल्याकडे घरोघरी माहीत झाले. १९३९ साली बर्लिनहून आयरीन व हेल्गा बेयाख या दोन यहुदी बहिणी या घरी आल्या. नाझी राजवटीतून सुमारे दहा हजार मुले त्या काळात आईबापांवाचून इंग्लंडला पाठविण्यात आली, त्यांपैकी या दोघी. त्यांना पुढे अमेरिकेत नातलगांकडे जावयाचे होते, पण महायुद्ध सुरू झाले आणि वाट बंद झाली. तेव्हा अ‍ॅटनबरो दांपत्याने आपल्या मुलांना बोलावून विचारले की या मुलींना आपल्याच घरी ठेवून घ्यावे काय? रिचर्ड यांनी पुढे सांगितले आहे की, या मुलींना कोणी नाही म्हणून आम्हाला त्यांच्यावर तुमच्यापेक्षाही अधिक माया करावी लागेल, हेदेखील आईने त्याच वेळी स्पष्ट सांगितले होते. मुलांनी होकार दिला. बहिणी सात वर्षे तेथे राहिल्या.

सात वर्षे म्हणजे प्रत्येकीचे सातएक वाढदिवस. त्यांचे वडील डॉक्टर कुर्ट बेयाख मागे राहिले आणि १९४४ साली आउशविट्झला मारले गेले. त्या बापाला काय हवे असेल? परक्या घरचा केक खाताना मुलींनी डोळे गाळावेत, हे? मला तसे वाटत नाही. मुलींनी जगावे म्हणून त्याने त्यांना आपल्यापासून तोडले, आणि जगण्यात हसणे आलेच. त्यांचे हसणे हे त्याच्या दुःखाचे एकमेव फळ होते. त्या हसल्या नसत्या तर त्याचे दुःख फुकट गेले असते.

आमच्या ठाण्याच्या मुलीची गोष्ट अर्थात वेगळी आहे. तिच्या पेटीत परतीचे तिकीट आहे आणि रोज फोनवर आईचा चेहरा दिसतो. तिच्या एकटेपणाची त्या बहिणींच्या दुःखाशी बरोबरी करणे हा अविवेक होईल. पण मोठ्या प्रसंगात जे खरे ठरले ते लहान प्रसंगात खोटे कसे ठरेल? मूल आपणच पाठविले असेल, तर त्याने तेथे सुखी असणे हे आपल्याच निर्णयाचे यश आहे.

याच विद्यापीठात १० सप्टेंबर १९८४ रोजी अ‍ॅलेक जेफ्रीज यांना डीएनएवरून माणूस ओळखण्याची रीत सापडली. तिचा पहिला उपयोग १९८५ साली घानाहून इंग्लंडला परतलेल्या एका किशोरवयीन मुलासाठी झाला. हा त्या बाईचा मुलगाच नव्हे, असा सरकारी अधिकाऱ्यांना संशय होता. रक्ताच्या तपासणीने तो तिचाच ठरला आणि आईजवळ राहू शकला. मूल कोणाच्या पोटचे, हे आता प्रयोगशाळेत सिद्ध होते. पण त्याच्या वाढदिवसाला दिवा कोणी लावावा, हे कोणतीही तपासणी सांगत नाही. जन्माचा हक्क एकीचा असतो. तो दिवस गोड करण्याची जबाबदारी मात्र ज्याच्या छपराखाली मूल असेल त्याची असते. दोन्ही गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत.

येथे कोणी हरकत घेईल की, असे म्हणत म्हणत मुले घर विसरतात. हरकत जुनी आहे, आणि तिचे उत्तरही जुने आहे. तोरामध्ये वाढदिवसाचा उल्लेख एकदाच येतो, तोही फारोच्या. त्या वेळी योसेफ मिसरात तुरुंगात होता. घरातून तुटला तेव्हा तो सतरा वर्षांचा होता, म्हणजे आपल्या मुलीच्याच वयाचा. त्या मेजवानीच्या दिवशी सुटलेल्या प्यालेबरदाराने त्याची आठवणही ठेवली नाही. पुढे योसेफचे दिवस पालटले. त्याने पहिल्या मुलाचे नाव मनश्शे ठेवले, कारण देवाने आपल्याला बापाचे घर विसरावयास लावले असे तो म्हणाला. पण भाऊ समोर उभे राहताच तोंड फिरवून रडला तो हाच योसेफ! माणूस दुःख विसरू शकतो आणि तरीही घर विसरत नाही. आपण या दोन गोष्टी एक समजतो, म्हणून मुलांच्या हसण्याला भितो.

'अदलाबदल' हा शब्दही जरा निरखून पाहावा. लेस्टर आणि जर्मनीतील क्रेफेल्ड यांनी १९६९ साली जुळी शहरे म्हणून करार केला. १९ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन बॉम्बनी लेस्टरात शंभराहून अधिक माणसे मारली होती, आणि जून १९४३ मध्ये ब्रिटिश विमानांनी क्रेफेल्डचा मोठा भाग जाळला होता. अशा करारांत शाळकरी मुलांच्या भेटींना मोठे स्थान असते. मी तुझ्या मुलाला जपते, तू माझ्या मुलाला जप, असा तो दोन आयांमधील न लिहिलेला करारच म्हणावयाचा.

मात्र करार म्हटला की दोन्ही बाजू आल्या. मुलानेही केवळ घेणारे राहू नये. अ‍ॅटनबरोंच्या घरी आश्रयाला आलेल्या एका मुलीने डेव्हिडला तृणमण्याचा, म्हणजे झाडाचा चीक लाखो वर्षांत गोठून झालेल्या खड्याचा, एक तुकडा भेट दिला. आत प्राचीन जीव अडकलेले होते. सुमारे साठ वर्षांनी डेव्हिड यांनी त्याच तुकड्यावर दूरचित्रवाणीचा कार्यक्रम केला. घरदार सोडून आलेल्या मुलीजवळही देण्यासारखे काही होते! आमच्या मुलीने त्या घरच्यांचे वाढदिवस लिहून ठेवावेत, एखादे दिवशी पोहे करून घालावेत, आणि आईला फोन करताना अपराध्यासारखे बोलू नये.

आणि आईबापांनी? त्या दिवशी फोनवर "आमची आठवण येते का?" हा प्रश्न पहिला विचारू नये. "केक कोणी केला?" हे विचारावे, आणि जिने केला तिला फोन देण्यास सांगून दोन शब्द आभाराचे बोलावेत. शुक्रवारी रात्री मुलांच्या मस्तकावर हात ठेवून एफ्राईम व मनश्शे यांच्यासारखे व्हा, असा आशीर्वाद आपण देतो. ते दोघेही भाऊ परदेशातच जन्मले व तेथेच वाढले, हे त्या वेळी ध्यानात आणावे.